परंपरा राखायची म्हणजे कायद्याने नेमकं काय राखायचं? (गावकारी, नागरी संहिता आणि परंपरावादी राजकीय विचार)

अंत्रुजी:

गोव्यातल्या नागरी कायद्याचा विषय निघाला की चर्चा हमखास दोनच वाटांनी जाते. एका बाजूला 'सगळ्या देशाने आमच्याकडून शिकावं', दुसऱ्या बाजूला 'पोर्तुगीजांचं ओझं अजून कशाला वाहायचं'. मधला प्रश्न सुटून जातो: एखादा कायदा जुना आहे, लोकांच्या अंगवळणी पडला आहे, एवढ्यावरून त्याला काही मान द्यावा का? राजकीय तत्त्वज्ञानात या प्रश्नाशी सगळ्यात जास्त झटापट परंपरावाद्यांनी केली आहे, म्हणून हा धागा.

परंपरावाद म्हणजे 'जुनं ते सोनं' नव्हे. अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार आणि विचारवंत एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर कडाडून टीका केली, पण तोच बर्क त्याआधी अमेरिकेतल्या वसाहतींच्या बाजूने उभा राहिला होता. बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ ते १७९५ महाभियोग चालला तेव्हाही बर्कचं म्हणणं हेच होतं की हिंदुस्थानातल्या लोकांना स्वतःचे कायदे आणि हक्क आहेत, आणि मुलूख बदलला म्हणून अधिकाऱ्याची नीती बदलत नाही. ज्या राज्यव्यवस्थेत बदल करायची सोय नाही तिच्यात स्वतःला टिकवायचीही सोय नाही, हेही त्याचंच मत.

या विचाराची तीन सूत्रं आहेत. पहिलं: समाज चालवायचं शहाणपण कुणा एकाच्या डोक्यात मावत नाही, ते वहिवाटीत साठलेलं असतं. दुसरं: चांगला कायदा बव्हंशी लोकांच्या व्यवहारात सापडतो, तो कोऱ्या कागदावर घडवता येत नाही. तिसरं, माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं: बदल सुचवणाऱ्याने तो का हवा हे सिद्ध करायचं आणि बदल असा करायचा की चुकला तर मागे घेता येईल.

या विचाराची कसोटी पाहायला गोव्याइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल. आपल्याकडे सत्ता बदलली की दर वेळी रूढी लिहून काढल्या गेल्या. तिसवाडीच्या गावकाऱ्यांसाठी (गावकारी म्हणजे गावची जमीन सामाईक धरून कारभार करणारी मूळ वंशांची संस्था, तिचे सभासद ते गावकार) १५२६ चा फोराल, म्हणजे रूढींची सनद, पोर्तुगीज अधिकारी आफोन्सो मेशियाने तयार केलेला, ४९ कलमांचा. १७६३ ते १७८८ या काळात फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण पोर्तुगीजांकडे गेले, तेव्हा तिथल्या रीतिरिवाजांना हात लावणार नाही असं कबूल केलं गेलं आणि पुढे त्यांच्या वेगळ्या संहिता झाल्या. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १ जुलै १८७० पासून लागू झाली, तर १६ डिसेंबर १८८० च्या हुकूमनाम्याने गोव्यातल्या हिंदूंच्या काही रूढी तिच्यातून वगळून राखल्या. मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या ५ व्या कलमाने जुने कायदे चालू ठेवले.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात हेच सांगितलंय: 'यस्मिन्देशे य आचारो व्यवहारः कुलस्थितिः। तथैव परिपाल्योऽसौ यदा वशमुपागतः॥' देश ताब्यात आला की तिथला आचार, व्यवहार, कुळाची रीत तशीच पाळावी.

आता प्रश्न असा. कागदावर उतरल्याने या रूढी टिकल्या की थिजल्या?

---

मडगावची वकील:

छान विषय घेतलात, अंत्रुजीबाब. नागरी संहितेपुरतं मी लिहिते.

आधी एक अडचण मांडते. १८६७ ची संहिता आंतोनियु लुईश द सियाब्र यांनी रचली. ती रूढींचा संग्रह नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरलेल्या संहिताकरणाचं ते अपत्य. जर्मनीत १८१४ मध्ये यावरच वाद झाला होता. कायदेपंडित तिबोचं म्हणणं, सगळ्या जर्मन राज्यांना एक नागरी संहिता द्या. दुसरा कायदेपंडित साविनी, त्याचं उत्तर, कायदा भाषेसारखा लोकांमध्ये वाढतो. तो पुरता समजण्याआधी संहितेत कोंबला तर त्या पिढीचं अज्ञानही कायमचं होऊन बसेल. जर्मन संहिता अखेर १९०० साली अंमलात आली, तीही साविनीच्याच परंपरेतल्या विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या तयारी केल्यावर.

म्हणजे काटेकोर परंपरावादी १८७० साली गोव्यात असता तर त्याने या संहितेला विरोधच केला असता. आणि तोच माणूस आज तिची बाजू घेईल! यात विसंगती नाही. बर्कचा दीर्घ वहिवाटीचा सिद्धांत इथे लागतो: हक्काची सुरुवात कशीही झाली असो, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यावर विसंबून लग्नं लावली, घरं बांधली, वाटण्या केल्या, की तो विसंबून राहण्याचा व्यवहारच त्याचा पाया होतो.

हा व्यवहार किती खोल गेलाय ते एका हिशेबातून दाखवते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची सगळी मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीही, काही अपवाद सोडून. समजा सगळी मिळून ८० लाखांची आहे. नवरा वारला तर ४० लाख बायकोचे, ते तिचेच होते, वारसा नव्हे. उरलेल्या ४० पैकी निम्मे, म्हणजे २० लाख, मुलांचा राखीव हिस्सा. मृत्युपत्राने तो कुणाला देता येत नाही, आणि कायद्याने सांगितलेल्या ठरावीक कारणांशिवाय मुलाला बेदखल करता येत नाही. राहिले २० लाख, तेवढ्यापुरतं मृत्युपत्र. घरातल्या एकूण मालमत्तेच्या चौथ्या भागावरच माणसाची मर्जी चालते. मुलगा-मुलगी भेद नाही.

घोळ कुठे होतो? एक, विवाहपूर्व करार नोंदणीआधी सार्वजनिक दस्ताने करावा लागतो आणि लग्नानंतर तो बदलता येत नाही. नोंदणी कार्यालयात पहिली सही म्हणजे इरादा जाहीर करणं आणि मुदत संपल्यावरची दुसरी सही म्हणजे लग्न. बरेच जण दुसरी सही हा उपचार समजतात आणि करार 'नंतर बघू' म्हणतात. नंतर काही बघता येत नाही. दोन, फ्लॅट एकाच्या नावावर घेतला म्हणून विकताना एकाच्याच सहीवर भागेल असं समजतात. स्थावर मालमत्तेला दोघांची संमती लागते. तीन, वारसदाखल्याच्या दस्तात परदेशातला एखादा भाऊ किंवा लग्न होऊन गेलेली बहीण गाळतात. दहा वर्षांनी इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारशाच्या वाटणीचा, दावा उभा राहतो आणि मधले सगळे व्यवहार डळमळतात.

आता गंमतीचा नव्हे, महत्त्वाचा भाग. खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता आणली. तिच्यात करार नसेल तर फक्त लग्नानंतर कमावलेलं सामाईक धरतात. गोव्यात जुनाच नियम राहिला. २०१२ चा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीविषयक गोवा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये अंमलात आला. त्याने संहितेचा वारशाचा भाग नव्याने लिहिला, पण अर्धा हिस्सा आणि राखीव हिस्सा ही दोन्ही तत्त्वं ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं की मूळ परदेशी असली तरी संसदेने चालू ठेवल्यामुळे ही संहिता आता भारतीय कायदाच आहे. शरीर बदललं, हाडं राहिली. परंपरावाद्याला कायद्यातला बदल हवा असतो तो असाच.

---

पेडणेकर:

वकीलबाय, हिशेब चोख आहे. पण तुम्ही सोयीचं कलम निवडलंत. १८८० च्याच हुकूमनाम्यात हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची सवलत होती: बायकोला पंचविशीपर्यंत मूलच झालं नाही तर, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर. वापरात नसलेलं हे कलम आजही वादात उगाळलं जातं, कारण ते लिहून ठेवलं होतं. न लिहिलेली रूढी समाजाने सोडली की ती संपते. लिहिलेली रूढी समाजाने सोडली तरी तिचं भूत पुस्तकात राहतं. मूळ प्रश्नाला हे माझं उत्तर: थिजल्या.

दुसरं. रूढी लिहिताना कुणाला विचारलं? गावकारांना, महाजनांना (देवस्थानाच्या सभासदांना), पुरोहितांना. कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, विचारलं नाही, बाईला विचारलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी ब्रिटिश अधिकारी मेटकाफने केलेल्या, खेडी म्हणजे 'छोटी प्रजासत्ताकं' या वर्णनाचा समाचार घेतला आणि गाव म्हणजे संकुचित वृत्तीची, अज्ञानाची आणि जातीयतेची जागा आहे असं स्पष्ट सांगितलं. पिढ्यांचं शहाणपण म्हणता, ते कोणाच्या पिढ्यांचं? वहिवाटीत शहाणपण साठतं तसा जुलूमही साठतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच जुने दिसतात.

---

अंत्रुजी:

पेडणेकरबाब, हा आक्षेप परंपरावादाला खरोखर झोंबणारा आहे. त्याला दोन भागांत उत्तर देतो.

याज्ञवल्क्याचं दुसरं वचनही शेजारी ठेवा: 'अस्वर्ग्यं लोकविद्विष्टं धर्म्यमप्याचरेन्न तु'. धर्म्य असलं तरी लोकांना ज्याचा तिटकारा आला ते आचरू नये. परंपरेच्या आतच परंपरा सोडण्याची सोय आहे. नियोग (दिरापासून पुत्रप्राप्ती), गोमेध यांना आपल्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी याच वाटेने कलिवर्ज्यात, म्हणजे कलियुगात वर्ज्य गोष्टींच्या यादीत, टाकलं. त्यासाठी स्मृती जाळाव्या लागल्या नाहीत.

'कोणाच्या पिढ्या' याला मात्र बर्ककडे पुरेसं उत्तर नाही. समाज ही मेलेल्यांची, जिवंत असलेल्यांची आणि जन्मायच्या असलेल्यांची भागीदारी, असं तो म्हणतो. भागीदारीत कुणाचा वाटा किती आणि कुणाला वहीच पाहू दिली नाही, हे तो विचारत नाही. तो प्रश्न बाहेरून आणावाच लागतो, आणि आपल्या राज्यघटनेने तो आणला: १३ व्या अनुच्छेदात कायद्याची बळकटी असलेली रूढीही 'कायदा' धरली आहे, म्हणजे तीही मूलभूत हक्कांना तपासूनच चालेल.

---

खाजनराखण:

तुम्ही सगळे घराच्या कायद्यावर बोलताय. शेताच्या कायद्यावर या, तिथे रूढी मोडली की सहा तासांत भरतीचं पाणी निकाल सांगतं.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. नदीच्या खाऱ्या पाण्याच्या पातळीखालची शेती, बांध घालून राखलेली. बाहेरचा बांध चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा. त्यात मानस, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरतीला बाहेरच्या पाण्याचा दाब फळ्या मिटवतो, ओहोटीला आत साठलेलं पाणी त्या उघडून बाहेर पडतं. आत सगळ्यात खोलगट भागात पोंय, तिथे जादा पाणी आणि मासळी. पोंयीच्या वर शेतं. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं जातं, मग कोरगूट, आसगो यांसारखी खारवट जमीन सोसणारी भातं.

हे सगळं चालवायचे भौस, म्हणजे त्या खाजनातल्या शेतवाल्यांचे संघ, आणि त्यांच्यावर गावकारी. ज्याचं जितकं शेत तितका त्याचा बांधदुरुस्तीचा वाटा. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. शेतं गावकारीची असत तिथे तीही तीन-तीन वर्षांनी पावणीला निघत. येणाऱ्या पैशातून आधी बांध, सरकारी देणं, गावाचा खर्च. उरलं तर गावकारांना झण, म्हणजे शिल्लकेतला वाटा. हा क्रम ध्यानात घ्या: आधी बांध, शेवटी वाटप.

१९६४ चा कूळ कायदा आला, मग पाचवी दुरुस्ती, २० एप्रिल १९७६ हा कसेल त्याच्या जमिनीचा दिवस. कूळ मालक झालं. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं, त्यावर माझा वाद नाही. पण हक्क ज्या दिवशी बदलला त्या दिवशी कर्तव्य कुणाकडे गेलं? गावकारीचं उत्पन्न गेलं, म्हणून बांधावरचा तिचा हात सुटला. १९७५ च्या नियमांनी कुळांची संयुक्त जबाबदारी ठरवली, कूळ संघ आणि त्यांच्या व्यवस्थापन समित्या आल्या, देखरेख मामलेदाराकडे. कागदावर काम तेच. पण भौसात बांध पाहणारा, पैसे देणारा आणि बांध फुटला तर पीक गमावणारा माणूस एकच होता. आता हे तिघे वेगळे झाले.

काय बिघडतं ते क्रमाने सांगतो. मानशीची पावणी घेणाऱ्याला भातात रस नसतो, मासळीत असतो. भरतीला फळ्या अडकवून उघड्या ठेवल्या की जास्त मासळी आत येते. पाणी जोरात आत शिरतं, मानशीच्या तळाची आणि बगलेची माती खरवडली जाते. खारं पाणी पोंयीतून चढून शेतात येतं. त्या वर्षीचं भात जातं, आणि जमिनीतलं मीठ धुवायला पुढचे पावसाळे लागतात. दोन-तीन वर्षं शेत पडीक राहिलं की त्यात खारफुटी उगवते. खारफुटी कायद्याने संरक्षित, म्हणजे शेत परत शेत करायची वाट जवळजवळ बंद. दुसरीकडे कुर्ल्या बांधात बिळं करतात. ती वेळच्या वेळी चिखलाने बुजवली नाहीत तर उधाणाला त्याच जागी बांध फुटतो. बार्जींच्या (मालवाहू बोटींच्या) लाटांनी बाहेरची बाजू झिजते. फुटलेलं भगदाड पहिल्या काही भरतींत बुजवलं नाही तर ते दर भरतीला रुंदावत जातं. भौस त्याच ओहोटीला माणसं उतरवायचा. आज आधी अर्ज, मग पाहणी, मग अंदाजपत्रक.

पेडणेकरबाब म्हणतात तसा जुलूम त्या व्यवस्थेत होता. पण कायदा करणाऱ्याला फक्त हक्क दिसला. हक्काला बांधलेलं काम दिसलं नाही, कारण ते कुठल्याच सातबाऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. परंपरावाद्याचं सगळ्यात खरं म्हणणं हे आहे असं मला वाटतं.

---

मडगावची वकील:

खाजनराखणबाब, तुमच्या प्रतिसादाने माझ्या वाट्याचं अर्धं काम केलं. सैद्धांतिक बाजू थोडक्यात जोडते.

इंग्रज तत्त्वज्ञ ओकशॉटने १९४७ च्या निबंधात दोन प्रकारचं ज्ञान वेगळं केलं: पुस्तकात नियम म्हणून लिहिता येणारं आणि करता करताच येणारं. बुद्धिवादी कायदेकर्ता पहिल्यालाच ज्ञान मानतो. अर्थशास्त्रज्ञ हायेकचा युक्तिवादही जवळचा: समाजातली माहिती विखुरलेली असते, कुठल्याही कार्यालयात ती एकत्र येत नाही, आणि पुष्कळशा रूढी ही माहिती न बोलता वापरायची साधनं असतात. (हायेकने आपण परंपरावादी नाही असं १९६० मध्ये मुद्दाम लिहिलं होतं. बदलाला घाबरणं त्याला मान्य नव्हतं, म्हणून त्याला सरसकट त्या गोटात घालू नये.)

आणि हे न्यायालयातही जुनं आहे. १६०७ मध्ये इंग्लंडच्या राजा जेम्सला स्वतः खटले निवाडायचे होते. न्यायाधीश कोकने त्याला सांगितलं, महाराज बुद्धिमान आहेत यात शंका नाही, पण कायद्याची बुद्धी उपजत नसते, ती दीर्घ अभ्यासाने आणि अनुभवाने येते. कुर्लीचं बीळ कुठल्या वळणावर पडतं हे ज्याला माहीत, त्याची बुद्धी त्याच जातीची.

---

सासष्टीकार:

गावकारीवर प्रेमाने लिहिताना तिची आजची स्थितीही लिहा. गावकारी मोडली ती फक्त कूळ कायद्याने नव्हे.

गोव्यात २२३ कोमुनिदादी (गावकारीचंच पोर्तुगीज नाव) आहेत, म्हापसा, पणजी आणि मडगाव इथे तीन प्रशासक. सगळं १५ एप्रिल १९६१ च्या २०७० क्रमांकाच्या डिप्लोमावर (पोर्तुगीज कायद्यावर) चालतं, म्हणजे मुक्तीच्या आठ महिने आधी केलेल्या संहितेवर. त्याआधी १९०४ ची होती. १५२६ च्या फोरालात गावकार हा गावाचा कारभारी आहे. नंतरच्या प्रत्येक संहितेने कारभारावर सरकारी मंजुरी वाढवत नेली: अंदाजपत्रक मंजुरीला, ठराव मंजुरीला, जमीन द्यायची तर मंजुरी. शेवटी गावकाराकडे उरलं काय? झण. काम सरकारने घेतलं, लाभ गावकाराकडे ठेवला. चारशे वर्षांत 'आधी बांध, शेवटी वाटप' याचं फक्त 'वाटप' झालं. मग गावाबाहेर राहणारा गावकार झणापुरता येतो, सभेला पुरेशी हजेरी नसते, आणि मोजक्या लोकांच्या हातात भूखंडांचे निर्णय जातात. अतिक्रमणं त्याच पोकळीत होतात.

झण पुरुषांच्या वंशाने जातो. नागरी संहितेत मुलगी समान वारस आणि गावकारीत तिचं नावच नाही. एकाच घराला दोन कायदे. परंपरावाद्याने इथे गप्प बसू नये. ज्या गावकाराला मुलगीच आहे त्याच्या घराचा गावाशी असलेला धागा तिथेच तुटतो, आणि संस्था दर पिढीला लहान होत जाते.

तिसरी गोष्ट, १९९४ च्या कायद्याची पंचायत. ती सगळ्या मतदारांची, गावकारी फक्त मूळ वंशांची. घरबांधणीचा परवाना पंचायत देते, जमीन गावकारीची. दोन्ही संस्था एकमेकींकडे बोट दाखवतात आणि बांध दोघींपैकी कुणाच्याच यादीत नसतो.

---

पेडणेकर:

सासष्टीकारांशी पूर्ण सहमत. खाजनराखणबाबांचं म्हणणंही बरंचसं पटलं, एका अटीवर. 'कर्तव्य सुटलं' याचं बिल कुळाच्या नावावर फाडू नका. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उतरून बांध घालणारे हात कुळाचे आणि मजुराचेच होते. भौसात हिशेब गावकाराचा, घाम त्यांचा. ते काम कसं करायचं हे ज्ञान त्यांच्याकडे होतं आणि आहे. त्यांना मिळाली नाही ती संस्था. म्हणून जुनी गावकारी परत आणा हे उत्तर मी मानणार नाही.

अंत्रुजीबाब, महाराष्ट्रातला संमतिवयाचा वाद या धाग्यात यायला हवा होता. १८९१ च्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय १० चं १२ केलं. टिळकांचा विरोध परक्या सरकारने समाजाच्या आत हात घालण्याला होता. रानडे सुधारणा भूतकाळाशी जोडून घ्यायचे. आगरकरांना असल्या आधाराची गरज वाटत नव्हती. परंपरावादी म्हणून लोक टिळकांकडे बोट दाखवतात, पण पद्धतीने पाहिलं तर बर्कच्या जवळ रानडेच आहेत. टिळकांचं म्हणणं मानलं असतं तर समाज आतून बदलेपर्यंत किती मुली गेल्या असत्या, हा प्रश्न 'हळू बदला' म्हणणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

---

अंत्रुजी:

रान‍ड्यांबद्दल मान्य. आणि जिथे रूढीने माणसाचा जीव जातो तिथे 'हळू' हा शब्द वापरायचा अधिकार परंपरावाद्याला नाही, हेही मान्य. सावधपणाचं तत्त्व चुकलं तर मागे घेता येणाऱ्या गोष्टींसाठी आहे. मेलेली मुलगी मागे घेता येत नाही.

एक प्रश्न वकीलबायना. उद्या कुणी 'ही आमची रूढी' म्हणून न्यायालयात गेला तर ती तपासतात कशी?

---

मडगावची वकील:

ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने १८६८ च्या मदुरा प्रकरणात म्हटलं की हिंदू कायद्यात स्पष्ट सिद्ध झालेली रूढी ग्रंथातल्या वचनापेक्षा वरचढ. भर 'स्पष्ट सिद्ध' यावर. रूढी प्राचीन हवी, अखंड हवी, निश्चित हवी, वाजवी हवी, आणि कायद्याच्या किंवा सार्वजनिक हिताच्या आड येणारी नको. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ३ ऱ्या कलमातली व्याख्याही याच धर्तीची आहे. तो कायदा गोव्यात लागू नाही, पण कसोट्या समजायला उपयोगी.

दावे पडतात ते बहुतेक पुराव्यावर. 'पूर्वीपासून असंच चालतं' असं दहा साक्षीदारांनी म्हटलं तरी उपयोग नसतो. नेमके प्रसंग लागतात: कुणाचा, कोणत्या साली, काय झालं, आणि विरोध झाला तेव्हा निर्णय काय झाला. हा शेवटचा पुरावा सगळ्यात मोलाचा, कारण वाद होऊनही टिकलेली प्रथाच बंधनकारक ठरते. देवस्थानांच्या महाजनांच्या वादात १९३३ ची नियमावली आणि त्या त्या देवळाचा कोंप्रोमिस, म्हणजे लेखी घटना, आधी पाहतात. तोंडी परंपरा त्याच्या विरुद्ध जात असेल तर ती उभी करणं फार कठीण. म्हणून जुन्या सभांची इतिवृत्तं जपा. वाळवी लागलेली वही म्हणजे हरलेला दावा.

पेडणेकरबाबांच्या 'भुता'वरही याच कसोट्यांत उपाय आहे. अखंडतेची अट म्हणजे सोडून दिलेली रूढी पुन्हा उठवता येत नाही. लिहिलेल्या कलमाला ही अट नसते. म्हणून रूढी संहितेत घालताना तिच्यासोबत मुदतही घालावी: अमुक वर्षांनी पुन्हा तपासा, वापर नसेल तर कलम आपोआप रद्द.

---

खाजनराखण:

मुदतीची कल्पना मानशीच्या पावणीलाही लावता येते. पेडणेकरबाबांनी संस्था मागितली, तिचा कच्चा मसुदा देतो. कूळ संघाने किंवा कोमुनिदादीने पावणीच्या अटींत हे घालावं:

पावणी एका वर्षाची, पावसाआधी संपणारी. तीन वर्षांची दिली की पहिल्या वर्षी केलेलं नुकसान तिसऱ्या वर्षापर्यंत वसूल होत नाही. भरतीला सगळ्या फळ्या मिटलेल्या, जाळं फक्त ओहोटीला. अनामत पावणीच्या निम्म्याहून कमी नको, आणि ती परत करायची ती शेतवाल्यांनी शेतात खारं पाणी आलं नाही असं सही करून दिल्यावरच. पावणीच्या पैशातला बांधाचा वाटा वेगळ्या खात्यात, वाटपाआधी. फळी कुजली की त्याच आठवड्यात बदलायची, जाडी जुन्या फळीएवढी, नाहीतर भरतीला ती वाकते आणि फटीतून पाणी येतं.

बांधाची फेरी चैत्र-वैशाखात एकदा, आणि पुढे प्रत्येक मोठ्या उधाणाच्या आधी. फेरीला शेतवाला, मानस घेणारा आणि प्रत्यक्ष चिखलकाम करणारा असे तिघेही हवेत, आणि तिसऱ्याला दिवसाची मजुरी खात्यातून. बिळं, झिजलेल्या जागा, फळ्यांची स्थिती एका वहीत, तारखेसह. खात्यात भगदाडासाठी कायम राखीव रक्कम, जी खर्च करायला कुणाची मंजुरी लागणार नाही. हिशेब मागाहून सभेत. सभासदत्व शेत धरणाऱ्याचं, बाई असो वा पुरुष, वंश कुठलाही. नव्या संघाला घेण्यासारखी जुन्या भौसाची गोष्ट एवढीच: ज्याचं पीक बुडणार, त्याच्याच हातात मानशीची किल्ली.

सासष्टीकारबाब, तुमच्या भागातल्या कुठल्या संघाच्या पावणीच्या अटी लेखी उपलब्ध असतील तर इथे कलमवार द्या. अनामतीच्या कलमाची भाषा वकीलबायकडून तपासून घेऊ.